छत्तीस अक्षरी बोका

प्राण्यांच्या दवाखान्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम तिने लिहून दिला, तेव्हा डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, "येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला हा छत्तीस अक्षरांचा ओळख-नंबर देईल. जगबुडी आली तरी दोन प्राण्यांचा नंबर एकच निघणार नाही. मेमरीतला कचराही तो आपला आपण साफ करतो, तुम्ही निर्धास्त राहा."

पुढच्याच महिन्यात तिला स्वतःच्या बोक्याला घेऊन तिथे धावावं लागलं. आठवडाभर पठ्ठ्याने ताटलीला तोंड लावलं नव्हतं आणि पोट मात्र टम्म फुगलं होतं. डॉक्टर त्याला तपासत होते तेवढ्या वेळात तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं.

"काही गंभीर आहे का हो?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी एकदा बोक्याकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, या आठवड्यात हा चौथ्यांदा आलाय! दर वेळी नवा मालक, नवं नाव आणि तुमच्या प्रोग्रामने दिलेला नवा नंबर. तक्रार मात्र चौघांची एकच, 'घरी काही खातच नाही हो!' आता हा पोटभर जेवतो ते पाचवं घर तेवढं शोधायचं राहिलंय!"