लोकरीचं दार

डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. त्याला दगडी भिंती नाहीत, कौलं नाहीत. घडी करून ते उंटावर लादता येतं. दाराला फळ्या नाहीत, कडी नाही. दार म्हणजे वरून सोडलेला एक जाड, गडद लाल गालिचा. बाहेर बोचरा वारा, आत पेटलेली चूल. दिसलं? आता डोळे उघडा. तेच दार गोव्यात पेडण्याला गोकुळदासबाबांच्या घरात टेबलावर आडवं पसरलं आहे, आणि शेजारची प्रभावतीबाय त्याची कड कापायला बसली आहे.

कात्री मात्र सापडत नव्हती.

"कात्र खंय गेली गो, कोमल?"

गोकुळदासबाबांची छोटी नात कोमल टेबलाशी उभी होती. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"उंदरान फक्त थयच कित्याक खाल्ल्यान?" तिने उलट विचारलं.

"तेका तितक्याच गोड लागला," प्रभावतीबाय म्हणाली. "हाड ती कात्र."

गालिच्याच्या उजव्या कडेला एक जागा विरलेली होती. सगळीकडे लोकर दाट आणि तिथेच तेवढे नुसते धागे उरलेले. पूर्वीच्या मालकाकडे उंदराने कुरतडलं असणार, असं गोकुळदासबाब येईल त्याला सांगत. सांगताना त्यांचा आवाज जरा उतरे.

बोटीवर नोकरीला असताना त्यांना या गालिच्यांचं वेड लागलं. मध्य आशियातल्या तुर्कमेन बायकांनी तंबूत बसून विणलेले हे गालिचे ते बंदराबंदरांतल्या जुन्या दुकानांत हुडकत. सुट्टीवर येताना एखादा खांद्यावर टाकून आणत. गावाला त्याची मोठी गंमत वाटे. "बोटीवयल्यानी टीव्ही हाडले, हेणा पायपुसणी हाडल्यान!" असं लोक तोंडावर म्हणत. गोकुळदासबाब हसून सोडून देत, पण विसरले नव्हते. येत्या रविवारी देवळाच्या सभागृहात ते सगळा संग्रह पहिल्यांदा गावाला दाखवणार होते. सगळ्यांत जुनं हे दार मधोमध लागणार होतं. आणि त्यावर लोकांना बोट ठेवायला एकही जागा राहता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. प्रभावतीबाय शिवणकामात हुशार. विरलेले धागे छाटायचे, कड सरळ करायची आणि म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या लाल लोकरीने बांधून टाकायची, असं ठरलं होतं. एकदा छाटलेलं मात्र परत जोडता येणार नव्हतं.

"उंदीर खालसून खाता," कोमल म्हणाली. "खालची कड बघा. एक धागो तुटूक नाय. तो मधीच वर चढान कित्याक खायत?"

"ह्या चेडवाक वकील कर रे गोकुळदास," प्रभावतीबाय म्हणाली.

"कोमल, कात्र दी," गोकुळदासबाब म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते.

"आजोबा, ता दार मां? मगे एकदा दाराक लावन बघूया. लावलात काय दितंय."

"पाय लागतले."

हीच तर गोष्ट होती. एवढी मोलाची वस्तू, तिला कुणाचा पाय लागू नये म्हणून घरात आणल्या दिवसापासून त्यांनी ती भिंतीवर उंच, वाशांपाशी टांगली होती. खाली काढली ती आज. पण कोमल जागची हलेना. अखेर त्यांनी सुतळी घेतली आणि गालिचा पुढच्या दाराच्या चौकटीला बांधला. "आणखी खाली," कोमल म्हणाली. त्यांनी सुतळी सैल सोडली. "आणखी." शेवटी गालिच्याचं टोक उंबरठ्याला टेकलं.

गोकुळदासबाबांनी तंबूतून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा हात पुढे केला आणि कड धरून बाजूला सारली. हात छातीपाशी पडला. विरलेली जागा कितीतरी खाली राहिली. प्रभावतीबायने करून पाहिलं. तिचाही हात वरच पडला.

"बघलंस?" ती म्हणाली. "थय हात घालूक माणसान वाकाक होया. उंदीरच तो."

कोमलने शब्द दिला होता. तिने कात्री पुढे केली.

प्रभावतीबाय टांगलेल्या गालिच्यापाशीच पाटावर बसली. डाव्या हाताने तिने कड ताणली आणि कात्री उघडली.

तेवढ्यात रस्त्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला. पाव घ्यायचं काम घरात कोमलचं. तिने फडताळावरची पिशवी ओढली आणि दाराकडे धाव घेतली.

"सांबाळ गो!" प्रभावतीबायने कात्री झटकन मागे घेतली.

कोमलने धावता धावता हात टेकून ते लोकरीचं दार लोटलं होतं.

"थांब," गोकुळदासबाब म्हणाले. "हात काढू नको."

ती थिजली. गोकुळदासबाब गुडघे धरत खाली बसले आणि तिच्या उंचीवर येऊन पाहू लागले. तिच्या तळव्याखाली ती विरलेली जागा पुरती झाकली गेली होती. बोटांच्या बाहेर लोकर दाट होती.

प्रभावतीबायने कात्री मिटली आणि पाटाखाली सारली.

भोंगा पुन्हा वाजला, या वेळी वळणापलीकडून.

"आजोबा, पोदेर गेलो!"

"मगे जा. धाव."

आणि कोमलने तळहाताने दार लोटलं, त्या तंबूतल्या पोरांनी वर्षानुवर्षं लोटलं होतं तसंच, आणि मागे न बघता बाहेर पळाली.