दुहेरी पडदे

अहेरीत नव्यानेच निघालेल्या इंटरनेट कॅफेचा शेवटचा पडदा शिवून सोमारी द्यायला गेली, तर कोपऱ्यातल्या केबिनीच्या पडद्याखाली तिला आपल्या विनोदच्या चपला दिसल्या. डावीचा पट्टा तिनेच तारेनं बांधून दिला होता. पोरगं कॉलेजचा अभ्यास करतंय म्हणून तिला केवढं कौतुक! तिनं हळूच पडदा सारला.

कॉम्प्युटरवर नको ते चित्र होतं. विनोद घाईघाईनं ते बंद करायला गेला, तर तसलीच आणखी दोन उघडली.

"घरी चाल," एवढंच ती म्हणाली. मग दुपारच्या त्या रिकाम्या कॅफेतले सगळे पडदे तिनं भराभरा काढून घेतले.

"काऊन हो बाई?" कॅफेवाला लच्छू उठलाच.

"शिवण चुकली."

पोरांना अभ्यासाला एकांत लागतो, दुहेरी कापड घ्या, असं लच्छूनंच सांगितलं होतं. हिनं तर धागाही दुहेरी घातला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. या शहाणीनं तो आपल्या हातानं शिवून दिला होता.

घरी विनोद दारातच उभा राहिला. "बाबाले सांगशीन का?"

त्याचा बाप डोमा जंगलात लाकूडतोडीला जायचा. त्याला कळलं, तर कॉलेज बंद आणि उद्यापासून पोराच्या हाती कुऱ्हाड, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सोमारीनं एक पडदा त्याच्या पुढ्यात टाकला, वर ब्लेड दिलं. "बस. टाके उसव."

दोघं खाली माना घालून उसवत बसले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिची जीभ रेटेना. तिच्या मायनं तिला या बाबतीत चकार शब्द सांगितला नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. त्या रात्रीची भीती तिला अजून आठवत होती.

"तिथं दाखवते तसं नसते रे," शेवटी ती म्हणाली.

"मंग कसं असते?" विनोदच्या तोंडून निसटलं आणि त्याची मान आणखीच खाली गेली.

तेवढ्यात अंगणात सायकल वाजली. डोमा दारातून डोकावला. "काय करून राह्यले मायलेकं?"

"शिवण चुकली होती. उसवून राह्यलो."

डोमा पाय धुवायला मागे गेला. सोमारीनं कापडावरची नजर वर केली नाही.

"उद्या विचारजो," ती हळूच म्हणाली. "मले लाज वाटन. पन सांगीन."