एका गळ्यात दोन बटणं

२०१९ साली घड्याळजींना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा लेकीने त्यांच्या गळ्यात मदतीचं बटण अडकवलं. ते दाबलं की कंपनीची माणसं धावून येत. त्या भरवशावरच त्यांची बायको, म्हणजे मास्तरीणबाई, त्यांना घरी एकटं ठेवून शिवणाचा वर्ग घ्यायला जाऊ लागल्या. पुढे अंघोळीत भिजून बटण बिघडलं. कंपनीने नवं पाठवलं, पण दर महिन्याचे पैसे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बटणांचे कापायला सुरुवात केली.

मास्तरीणबाईंनी फोनवर कंपनीतल्या पोरीला फैलावर घेतलं. "अगं, गळा एक, मग बटणं दोन कशी?"

"आजी, आत्ताच्या आत्ता बंद करते. पुन्हा तक्रारीला जागाच नाही ठेवत."

पुढच्या महिन्यात एक पैसाही कापला गेला नाही. बाईंना वाटलं, जास्तीचे घेतलेले वळते करत असतील.

"तुझ्यापुढे कंपनीनेही हात टेकले की!" घड्याळजी हसले.

"तुम्ही काय कमी वेळा टेकलेत?" म्हणत बाई वर्गाला निघाल्या.

***

कंपनीने दोन्ही बटणं बंद केल्याचं त्या संध्याकाळी कळलं, घड्याळजी न्हाणीघरात सापडले तेव्हा, अंगठा बटणावर घट्ट दाबलेला, कंपनीतल्या पोरीला तक्रार झटपट मिटवली म्हणून बढती मिळाली, लेकीने माहेरी येणं सोडलं, आणि मास्तरीणबाई शिवणाचं मशीन झाकून बसतात, कुणी विचारपूस करायला आलं तर एवढंच सांगतात, "बंद मीच करायला लावलं."