ग्राहकाची पारख

नव्या परवानाधारक मुलांना शक्तिशाली गाडी चालवण्यास मनाई करणारा कायदा आयर्लंडमध्ये नव्हता. गुरुनाथांनी तो आपल्या घरापुरता केला. ध्रुवला परवाना मिळताच त्यांनी स्वतःची दोनशे अश्वशक्तीची गाडी विकायला काढली.

"बाबा, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या अठरा वर्षांवर नाही."

तीन तरुण ग्राहकांना परत पाठवून त्यांनी ती ल्यूकन या आपल्याच उपनगरातल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थांना दिली.

शनिवारी तीच गाडी, मागे नवचालकाची लाल 'एन'ची पाटी लावून, दाराशी आली आणि ध्रुव तीत जाऊन बसला. गुरुनाथ अनवाणी धावले. बॉनेटवर दोन्ही हात टेकून आडवे उभे राहिले.



"रिलॅक्स, बाबा! मी कुठे चालवतोय? माझ्या वर्गातला कॉनर चालवतोय. त्याच्या आजोबांनी घेऊन दिलीय त्याला."