ओट्यावरचं ताट

शिवकन्या सकाळी दवाखान्यात ड्यूटीला निघताना विजेच्या भांड्यात मंद आचेवर चिकन लावायची आणि संध्याकाळी आली की त्यात घरच्या शेवया सोडायची. आजारानं खंगलेल्या सासूबाईंना, तुळजाबाईंना, एवढंच गिळता यायचं. सासरे ज्ञानोबा पक्के माळकरी, म्हणून ते भांडं बाहेर ओट्यावर असायचं. तुळजाबाई पहिल्यापासून मटण-मासे खाणाऱ्या, त्यामुळे त्यांचं ताटही तिथंच. चाळीस वर्षांच्या संसारात नवराबायको एका पंगतीला बसल्याची नोंद नव्हती.

आज मात्र ज्ञानोबांनी स्वतः ते भांडं घरात आणलं. नाकाला उपरणं लावून खाटेशी बसले आणि चमचा पुढं केला.

"खा गं. अंगात ताकद आली तरच पुढचं औषध देणार म्हणतेत डाक्टर."

"अवो, नाक सोडा की, गुदमराल," तुळजाबाई हसल्या, पण घास काही घेतला नाही. पदर जरा सरकवला. गळ्यात तुळशीची कोरी माळ होती.

"आत्या, अवो हे कशापायी? आता खाणार काय तुमी?" शिवकन्या खाटेजवळ आली.

तुळजाबाईंनी सुनेचा हात धरला.



"इथं तर न्हाय जमलं बाई. वर गेल्यावर तरी यांच्या पंगतीला बसू दे."