वेशीवरचे गूळपाणी

माझ्या मुलाने, रणधीरने, संगणकावर एक खेळ रचला होता. त्यात आमचे ईट गाव जसेच्या तसे होते. अनेकांना एकाच वेळी खेळता यावे म्हणून त्याने सर्व्हरही उभारला होता. तो सुरू होण्याआधीच रणधीर अपघातात गेला.

मी तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. सर्व्हर सुरू केला, पण खेळाडू येईनात. कोणीच आले नसते, तर त्याचे गाव मला बंद करावे लागले असते.

"बाबा, नुसतं चालू ठेवून कोण येणार? बोलवायला लागतंय," माझी मुलगी अर्पिता म्हणाली. तिने भूमच्या, मुरुमच्या पोरांच्या ग्रुपवर आमंत्रण टाकले.

हळूहळू माणसे येऊ लागली. सगळे एकच सांगत.

"काका, वेशीवरचा माणूस लई भारी ठेवलाय. आल्याआल्या गूळपाणी देतोय. वर विचारतोय, पाव्हणं कुठलं?"

मी प्रोग्रामची ओळ न ओळ तपासली. वेशीवर कोणालाच ठेवलेले नव्हते.

काल दुपारी मी परके नाव घेऊन खेळात शिरलो. वेशीवर एक जण पाठमोरा उभा होता. हातात तांब्या होता, गूळ नव्हता. पडद्यावर अक्षरे उमटली.

"गूळपाणी पाव्हण्यांना असतं, बाबा. तुम्ही घरचे. लई वाट बघितली. पाय धुवून आत या."

त्याने तांब्या कलता केला.

टेबलाखाली माझी पावले गार पडली. वाकून पाहिले. फरशी ओली होती.