नाव मोठ्यानं वाचायचं

"सावकाश बघा, मला घाई नाही," ओळखपत्र पुढे करत म्हातारा मतदार म्हणाला, आणि मतपेटीमागे बसलेल्या आन्सेल्मोनं झटकन मान वर केली.

हुकूमशाहीच्या शेवटच्या वर्षी, माद्रिदच्या पोलीस कोठडीत त्याची बोटं एकेक करून मोडताना हाच आवाज हेच म्हणायचा. पुढे लोकशाही आली, तिनं छळणाऱ्यांनाही माफी देऊन टाकली, आणि या माणसाचं नाव आन्सेल्मोला कधी कळलंच नाही.

आज ते हातात होतं. स्पेनमध्ये मतदान केंद्र सोडतीत नाव निघालेले नागरिकच चालवतात. यंदा प्रमुख आन्सेल्मो होता, आणि प्रत्येक मतदाराचं नाव प्रमुखानं मोठ्यानं वाचायचं असतं. त्यानं वाचलं. वीस वर्षं छातीत दाबलेला सगळा जोर लावून असं वाचलं, की अख्खी रांग वळून बघायला लागली.

रांगेला नुसतं एक नाव ऐकू आलं. शेजारी मतदारयादी घेऊन बसलेल्या बाईंनी त्यापुढे खूण केली, मताचं पाकीट पेटीत पडलं.

ओळखपत्र परत घेताना म्हाताऱ्याची नजर त्या वाकड्या बोटांवर गेली.

"अरेरे, संधिवात का हो?" तो कळवळून म्हणाला. "माझ्या बायकोलाही आहे. गरम पाण्यानं शेकत जा."